हिमांतील लांडगा आणि छायाचित्राची साक्ष

कलाकृतीचा जन्म कसा झाला हें कळल्यानें तिचें मोल कमी होतें काय, हा प्रश्न रसिकांपुढें वेळोवेळीं येतो. कवितेच्या बाबतींत आपण त्याचें उत्तर बहुधा नकारार्थी देतों. कवीनें समुद्र न पाहतां समुद्रावर चांगली कविता लिहिली तर आपण त्याच्या कल्पनाशक्तीचें कौतुकच करतों. त्यानें कोणत्या बंदरावरून समुद्र पाहिला याचा दाखला मागत नाहीं. चित्रकाराच्या बाबतींतहि आपण तितकेच उदार असतों. परंतु छायाचित्राकडे वळतांच आपलें मन एकाएकीं कडक होतें, आणि 'हें खरेंच असें घडलें काय?' असा प्रश्न आपण विचारूं लागतों. हा कडकपणा रास्त आहे कीं अरसिकपणाचा आहे, याचा विचार करण्यासाठीं आम्हीं या लेखांत एक लहानसा विषय निवडला आहे. तो म्हणजे हिंवाळ्यांत, बर्फाच्या पार्श्वभूमीवर काढलेलीं बंदिस्त लांडग्यांचीं छायाचित्रें. विषय लहान दिसला तरी कला, शास्त्र व नीति या तिहींचे धागे त्यांत गुंतलेले आहेत, असें वाचकांस पुढें दिसून येईल.

असें एखादें चित्र वाचकांनीं पाहिलेंच नसेल, असें सहसा होणार नाहीं. दिनदर्शिकेच्या डिसेंबर-जानेवारीच्या पानावर, प्राणिविषयक ग्रंथाच्या वेष्टनावर, मुलांच्या ज्ञानकोशांत तें हटकून सांपडतें. सर्वत्र पांढरें बर्फ. मागें काळसर सूचिपर्णी वृक्षांच्या अस्पष्ट रेषा. मध्यभागीं मानेवर दाट केस असलेला राखी रंगाचा लांडगा. त्याच्या नाकावर व भुवयांवर चिकटलेले हिमकण. आणि त्याचे पिवळसर डोळे नेमके पाहणाराच्या डोळ्यांत रोखलेले. चित्राचा भाव एकच असतो: एकांत, स्वातंत्र्य आणि मनुष्याला न जुमानणारें रानटी तेज. आतां मौज अशी कीं, हा भाव ज्यांतून प्रकट होतो त्या चित्रांपैकीं बरींच चित्रें कुंपणांत राहणाऱ्या, मनुष्याच्या हातचें मांस खाणाऱ्या आणि त्याच्या सहवासाला सरावलेल्या लांडग्यांचीं असतात. रानांतील लांडगा मनुष्याची चाहूल लागतांच बहुधा निघून जातो. आठवडेच्या आठवडे थंडींत बसूनहि त्याचें दर्शन होईलच अशी खात्री नसते. तो इतक्या जवळ, इतक्या सावकाश, डोळ्याला डोळा देऊन उभा राहतो तेव्हां पुष्कळदां त्याच्यामागें कोठें तरी तारेची जाळी असते.

युरोपांतील अशा स्थळांपैकीं जर्मनींतील बव्हेरियाच्या अरण्यांतलें राष्ट्रीय उद्यान फार प्रसिद्ध आहे. १९७० सालीं स्थापन झालेलें हें जर्मनीचें पहिलें राष्ट्रीय उद्यान. तेथें नॉयशोनाउ या गांवाजवळ अरण्याचा कांहीं भाग कुंपणांनीं वेढून त्यांत लांडगे, लिंक्स, अस्वलें इत्यादि प्राणी ठेवले आहेत. शहरांतील प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांसारखीं हीं आवारें नव्हेत; त्यांत उंचसखल भूमि, खडक, उन्मळून पडलेले वृक्ष असें अरण्याचें पुष्कळसें रूप कायम आहे. एरिक त्सीमेन या शास्त्रज्ञानें लांडग्यांच्या वर्तनाचा जो अभ्यास केला, त्यांतील महत्त्वाचा भाग याच उद्यानांत झाला. हिंवाळ्यांत येथें भरपूर बर्फ पडतें, आणि मग दूरदूरचे छायाचित्रकार लांबलचक भिंगें घेऊन येथें येतात. त्यांत चोरून करण्यासारखें कांहीं नाहीं. प्राणी आवारांत आहेत, हें तेथें जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें चित्र घरीं बसून पाहणारास.

या चित्रांत कौशल्य नसतें असें मात्र कोणी समजूं नये. बर्फाचें छायाचित्र काढणें दिसतें तितकें सोपें नाहीं. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें गृहीत धरून चालतो. त्याच्यावर विसंबल्यास शुभ्र बर्फ मळकट उमटतें. म्हणून यंत्र सांगेल त्याच्या दुप्पट, कधीं चौपट प्रकाश बुद्ध्या घ्यावा लागतो. आणि तो थोडा जास्त झाला कीं बर्फाचा पोत नाहींसा होऊन कोऱ्या कागदासारखी जागा शिल्लक राहते. थंडीनें विद्युत्घट लवकर निकामी होतात, श्वासाची वाफ कांचेवर गोठते, बोटें बधिर होतात. या सर्वांतून जो कलावंत लांडग्याच्या केसांची प्रत्येक छटा आणि हिमाचा मऊपणा एकाच चित्रांत उतरवितो, त्याची कारागिरी खरी आहे. लांडगा बंदिस्त होता म्हणून ती खोटी ठरत नाहीं.

परंतु बर्फ जसें अडचणी निर्माण करतें तसेंच तें एक मोठें साहाय्यहि करतें, आणि टीकाकाराचें लक्ष तिकडे गेलें पाहिजे. बर्फ झांकतें. कुंपणाच्या कडेनें त्याच त्या फेऱ्या घालून लांडग्यांनीं पाडलेली वाट, मांस टाकण्याची जागा, तुडवलेली उघडी माती, हें सर्व एका रात्रींत पांढऱ्या चादरीखालीं जातें. भिंग जाळीच्या अगदीं जवळ धरून त्याचें छिद्र मोठें ठेवलें कीं पुढची जाळी इतकी अस्पष्ट होते कीं ती चित्रांत उमटतच नाहीं. मागची जाळी पडत्या हिमाच्या धुक्यांत विरून जाते. शिवाय याच ऋतूंत लांडग्याच्या अंगावर दाट लोकर येते. उन्हाळ्यांत केस गळून जो प्राणी रोडका व विसकटलेला दिसतो, तोच जानेवारींत भरदार व राजबिंडा दिसूं लागतो. सारांश, हिंवाळा हा बंदिस्त लांडग्याला रानाचा वेष चढविणारा नेपथ्यकार आहे. ज्या चित्रांत निसर्गाचें अगदीं निर्भेळ दर्शन घडलें असें आपणांस वाटतें, त्यांतच नेपथ्याचें साहाय्य पुष्कळ झालेलें असतें.

उद्यानांतील आवाराहून निराळा असा दुसरा एक प्रकार उत्तर अमेरिकेंत आहे. तेथें कांहीं खाजगी प्राणिशाळा छायाचित्रकारांना लांडगे, लिंक्स, कूगर वगैरे प्राणी ठराविक दरानें उपलब्ध करून देतात. प्राण्याला पिंजऱ्यांतून काढून निसर्गरम्य जागीं आणतात. शिक्षक मांसाचा तुकडा दाखवून त्याला ओंडक्यावर चढवितो, ओढ्यावरून उडी मारावयास लावतो, दांत विचकावयास लावतो. आणि काम आटोपलें कीं प्राणी परत पिंजऱ्यांत जातो. बव्हेरियाच्या आवारांत लांडगा निदान आपल्या मर्जीनें बसतो-उठतो. येथें तो नट असतो, आणि आपण कोणत्या नाटकांत काम करीत आहों हें त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतें.

या नटवेषाचा प्रश्न २००९ सालीं जगापुढें ठळकपणें आला. लंडनचें नॅचरल हिस्टरी म्यूझियम आणि 'बीबीसी वाइल्डलाइफ' मासिक यांच्या वतीनें होणाऱ्या वन्यजीव-छायाचित्रांच्या वार्षिक स्पर्धेंत त्या वर्षीं सर्वोच्च पारितोषिक होसे लुइस रॉद्रिगेस या स्पॅनिश छायाचित्रकारास मिळालें. त्याच्या चित्रांत बर्फ नव्हतें. बर्फाचें काम रात्रीच्या काळोखानें केलें होतें. एक इबेरियन लांडगा लांकडी फाटकावरून झेप घेत आहे, एवढाच देखावा. चित्राला 'कथापुस्तकांतला लांडगा' अशा अर्थाचें नांव दिलें होतें, आणि तें सार्थ होतें. लहानपणीं गोष्टींत ऐकलेला, रात्रीं मेंढवाड्यांत शिरणारा लांडगा डोळ्यांपुढें मूर्तिमंत उभा राहत होता. पण स्पेनमधील इतर छायाचित्रकारांना तो ओळखीचा वाटला. माद्रिदजवळच्या एका प्राणि-उद्यानांतील 'ओसियन' नांवाचा माणसाळलेला लांडगा तो हाच, असें त्यांचें म्हणणें पडलें. चौकशीअंतीं, तो भाड्यानें मिळणारा शिकविलेला प्राणी असण्याचा संभव फार आहे, असा निर्णय परीक्षकांनीं दिला. आणि असे प्राणी स्पर्धेच्या नियमांत बसत नसल्यामुळें जानेवारी २०१० मध्यें पारितोषिक काढून घेण्यांत आलें. छायाचित्रकारानें हा आरोप ठामपणें नाकारला.

त्या वादाचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. परंतु त्या प्रसंगीं निघालेली एक शंका टीकेच्या दृष्टीनें आम्हांस फार मोलाची वाटते. ती अशी कीं, फाटकाच्या फळ्यांमधून सहज आंत शिरतां येत असतां रानांतील लांडगा एवढी उडी कशाला मारील? ही शंका बरोबर असो वा नसो, ती विचारण्याची रीत मात्र अस्सल रसिकाची आहे. क्षेमेंद्रानें औचित्याला काव्याचा प्राण म्हटलें. पात्राचें वर्तन त्याच्या प्रकृतीला शोभलें पाहिजे, हा त्याचा एक अर्थ होय. लांडगा हा काटकसरी प्राणी आहे. विनाकारण शक्ति खर्च करणें त्याला परवडत नाहीं. जेथें प्राण्याची हालचाल त्याच्या गरजेंतून न येतां पाहणाराच्या हौसेंतून आलेली दिसते, तेथें रसिकानें सावध व्हावें. हिमांतील लांडग्याचे विचकलेले दांत हेंच याचें दुसरें उदाहरण. लांडगा दांत दाखवितो तो बहुधा आपल्याच कळपांतील दुसऱ्या लांडग्याला, अन्नाच्या किंवा मानाच्या वादांत. एकटा लांडगा, समोर भक्ष्य नाहीं, प्रतिस्पर्धी नाहीं, आणि तरी तो दांत विचकून कॅमेऱ्याकडे पाहत आहे, असें दिसलें कीं चौकटीबाहेर शिक्षक उभा असावा असा तर्क करण्यास हरकत नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, बंदिस्त प्राणी समोर ठेवून रानाचा भास निर्माण करणें ही कलेंतील जुनीच रीत आहे. हें खरें आहे. देलाक्रवा हा चित्रकार आणि बारी हा शिल्पकार या दोघांनीं पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयांतील सिंह-वाघ न्याहाळून आपल्या कृति घडविल्या. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत १८६७ सालीं बसविलेल्या लँडसीअरच्या सिंहांनाहि प्राणिसंग्रहालयाचाच आधार होता. त्यांनीं आम्हांस फसविलें, असें कोणी म्हणत नाहीं. मग बिचाऱ्या छायाचित्रकारालाच दोष कां द्यावा?

या आक्षेपाचें उत्तर आमच्या साहित्यशास्त्रांत एका प्राचीन न्यायाच्या आधारें देतां येतें. रसाची चर्चा करतांना श्रीशंकुकानें चित्रतुरगाचा, म्हणजे चित्रांतल्या घोड्याचा दृष्टांत दिला. चित्रांतील घोडा पाहून आपण 'हा घोडा' असें म्हणतों. पण हें ज्ञान खरें म्हणावें तर तेथें घोडा नाहीं, खोटें म्हणावें तर आपण फसलेलों नाहीं, संशय म्हणावा तर मनांत संशय नाहीं, आणि केवळ सादृश्य म्हणावें तर 'हा घोड्यासारखा आहे' असेंहि आपण म्हणत नाहीं. नटाला राम समजणें हें अशाच प्रकारचें, या चारींहून वेगळें ज्ञान होय. देलाक्रवाचा वाघ या न्यायानें आपणांस आनंद देतो. तो कोठला, हा प्रश्न उद्भवतच नाहीं, कारण तो कोठला असल्याचा दावा चित्रानें केलेलाच नसतो.

छायाचित्राला चित्रतुरगाचा हा न्याय पुरता लागू पडत नाहीं. छायाचित्र म्हणजे समोरच्या वस्तूवरून आलेल्या प्रकाशानें उमटविलेला ठसा. चिखलांत उमटलेलें पाऊल जसें 'येथून कोणी गेला' असें सांगतें, तसें छायाचित्र 'हें माझ्यासमोर होतें' असें सांगतें. रोलां बार्थ या फ्रेंच टीकाकारानें १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत छायाचित्राचें सर्व रहस्य या एका गोष्टींत शोधलें आहे. म्हणून छायाचित्रकार हा अर्धा कलावंत व अर्धा साक्षीदार असतो. कलावंताला कल्पनेचें स्वातंत्र्य आहे; साक्षीदाराला तें नाहीं. आणि एकाच मनुष्यानें दोन्ही भूमिका घेतल्या असतील तर आपण कोणत्या भूमिकेवरून बोलत आहों, हें त्यानें सांगितलें पाहिजे. आमच्या मतें सर्व वादाचें मर्म येथें आहे. कुंपण असणें हा दोष नव्हे. कुंपण नाहीं असें भासवून त्या भासाचें मोल घेणें हा दोष होय.

हा दोषहि सर्वत्र सारखा नसतो. दोन उदाहरणें घेऊं. १९५८ सालच्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या डिस्नेच्या चित्रपटांत लेमिंग नांवाचे लहान उंदरासारखे प्राणी झुंडीनें कड्यावरून समुद्रांत उड्या टाकून आत्मघात करतात, असें दाखविलें होतें. त्याला अनुबोधपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. पुढें १९८२ सालीं कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीनें उघड केलें कीं, हें दृश्य समुद्रकिनाराच नसलेल्या आल्बर्टा प्रांतांत घेतलें होतें. प्राणी विकत आणले होते. बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर त्यांना धांवविलें होतें, आणि नंतर कड्यावरून खालीं नदींत लोटलें होतें. येथें प्राण्यांचा छळ झाला आणि एक खोटी समजूतहि जगभर रुजली. लेमिंग आत्महत्या करतात असें अजूनहि पुष्कळ सुशिक्षित लोक मानतात. याच्या उलट, २०११ सालच्या बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' मालिकेंत ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिलांचें दृश्य नेदरलंड्समधील एका प्राणिसंग्रहालयांत घेतलें होतें, आणि तें रानांतील बर्फाळ दृश्यांना जोडून दाखविलें होतें. त्यावरहि गहजब झाला. परंतु रानांतील अस्वलीच्या गुहेंत कॅमेरा घातला असतां पिलांच्या जिवाला धोका झाला असता, ही कर्त्यांची बाजू विचारांत घेण्यासारखी होती. शिवाय दाखविलेलें वर्तन खोटें नव्हतें, आणि दृश्य कोठें घेतलें हें त्यांनीं अन्यत्र प्रसिद्धहि केलें होतें. पहिल्या उदाहरणांत वस्तुस्थितीचाच विपर्यास आहे. दुसऱ्यांत केवळ स्थळाविषयीं मौन आहे. दोघांना एकाच तागडींत घालणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि, जें इतरत्र सांगतां आलें तें त्याच क्षणीं एका वाक्यांत पडद्यावर सांगितल्यानें दृश्याची गोडी कितीशी उणी झाली असती?

लांडग्यांच्या बाबतींत प्रामाणिकपणाचा एक चांगला नमुना जिम व जेमी डचर या अमेरिकन दांपत्याचा आहे. १९९० ते १९९६ या काळांत आयडाहो प्रांतांतील सॉटूथ पर्वतांच्या पायथ्याशीं पंचवीस एकरांच्या आवारांत त्यांनीं लांडग्यांचा एक कळप वाढविला, शेजारीं तंबू ठोकून ते राहिले, आणि तेथील दीर्घ हिंवाळ्यांत त्या कळपाचीं अत्यंत सुंदर चित्रें घेतलीं. कळप आपण हातांनीं वाढविला आहे, हें त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. उलट मनुष्य व लांडगा यांच्यांतील विश्वास हाच त्यांच्या कृतीचा विषय झाला. या चित्रांत लांडगे रोखून पाहतात तें रानटी तेजानें नव्हे, ओळखीनें. आणि हें ठाऊक असल्यामुळें आपणांस त्या दृष्टींतला खरा अर्थ कळतो. खरें सांगितल्यानें येथें रसहानि झाली नाहीं, रसाचा प्रकार तेवढा बदलला.

मात्र अशा प्रामाणिक कृतीलाहि एक मर्यादा आहे, आणि ती समजण्यास थोडा शास्त्राचा इतिहास पाहिला पाहिजे. १९४७ सालीं रूडॉल्फ शेंकेल या स्विस शास्त्रज्ञानें बाझल येथील प्राणिसंग्रहालयांतील लांडग्यांवर एक प्रबंध लिहिला. सुमारें दहा मीटर रुंद व वीस मीटर लांब अशा जागेंत दहापर्यंत लांडगे कोंडलेले होते. त्यांच्यांतील सततची स्पर्धा पाहून कळपांत नर-मादींची एक वरिष्ठ जोडी भांडून वर्चस्व मिळविते, असें त्यानें मांडलें. पुढें डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या ग्रंथानें 'आल्फा लांडगा' ही कल्पना लोकप्रिय केली. कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांपासून राजकीय पुढाऱ्यांपर्यंत सर्वांना ती उपमा लावण्यांत येऊं लागली. परंतु याच मेकनें १९८६ पासून अनेक उन्हाळे कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्झमीर बेटावर रानटी लांडग्यांच्या सान्निध्यांत काढले, आणि १९९९ सालीं स्वतःच दुरुस्ती जाहीर केली: रानांतील कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं मुलें असें साधें कुटुंब असतें; तेथें सिंहासनासाठीं लढाई नसते, वडीलपण असतें. आपला जुना ग्रंथ छापणें बंद करावें म्हणून त्यानें प्रकाशकाच्या मागें लकडा लावला व अखेर तें घडवून आणलें.

या हकीकतींत आमच्या विषयाचें सार आहे, असें आम्हांस वाटतें. बाझलचे लांडगे खोटे नव्हते. शेंकेलचें निरीक्षणहि खोटें नव्हतें. तें कोंडलेल्या, एकमेकांपासून दूर जाण्यास जागा नसलेल्या लांडग्यांविषयीं खरें होतें. चूक झाली ती मथळ्यांत: 'कोंडलेले लांडगे' म्हणावयाचें तेथें नुसतें 'लांडगे' म्हटलें गेलें. एक विशेषण गळलें, आणि अर्धशतकभर जगानें एका प्राण्याच्या कुटुंबाला लढाऊ टोळी समजून त्यावर आपल्या महत्त्वाकांक्षेचें तत्त्वज्ञान उभारलें. छायाचित्राखालच्या ओळींतून 'बंदिस्त' हा शब्द गळतो तेव्हां नेमकें हेंच घडतें.

योगायोगाची गोष्ट अशी कीं, ज्या एल्झमीर बेटानें शास्त्राची दुरुस्ती केली, त्याच बेटावरून रानटी लांडग्यांचीं अत्यंत श्रेष्ठ छायाचित्रेंहि आलीं. जिम ब्रँडेनबर्ग हा छायाचित्रकार १९८६ सालीं मेकबरोबर तेथें होता, आणि १९८८ सालीं त्याचें 'व्हाइट वुल्फ' हें पुस्तक निघालें. तेथील लांडग्यांना मनुष्याच्या शिकारीचा अनुभव नव्हता, म्हणून ते त्याला भीत नव्हते. हे पांढरे लांडगेहि कॅमेऱ्याच्या जवळ येतात; परंतु त्यांच्या जवळ येण्यांत आणि प्राणिशाळेंतील लांडग्याच्या जवळ येण्यांत मोठा फरक आहे. हे येतात, पाहतात, आणि आपल्या कामाला निघून जातात. पुष्कळ चित्रांत लांडगा लहान आहे व बर्फ, पाणी, आकाश हीं मोठीं आहेत. बंदिस्त लांडग्याच्या चित्रांत याच्या उलट. तेथें लांडगा चौकट भरून टाकतो, कारण चौकट जरा मोठी केली तर तींत कुंपण येईल. चित्रांत प्राण्याभोवतीं किती जग शिल्लक ठेवलें आहे, ही सत्यतेची बरीच चांगली कसोटी आहे, असें आम्ही सुचवितों.

इतका सूक्ष्म विचार कशाला, असें ज्यांना वाटेल त्यांनीं २०१७ सालची एक घटना ध्यानांत घ्यावी. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत वर सांगितलेल्या बव्हेरियाच्या उद्यानांतील लुडविगस्टाल येथील आवाराचें दार उघडें आढळलें, आणि आंतील सहा लांडगे बाहेर पडले. चित्रांनीं ज्याचें गुणगान केलें तें स्वातंत्र्य त्यांना प्रत्यक्ष मिळालें. परंतु हे लांडगे मनुष्याला न भिणारे असल्यामुळें लोकांना त्यांच्यापासून धोका आहे, असें अधिकाऱ्यांना वाटलें. त्यांना जिवंत पकडण्याचे प्रयत्न झाले. तथापि एक आगगाडीखालीं सांपडून मेला आणि इतरांपैकीं कांहींना गोळ्या घालण्यांत आल्या. कुंपणांतील लांडगा ना पुरता रानाचा, ना पुरता घरचा. त्याच्या डोळ्यांत पाहून 'हें स्वातंत्र्य' असें म्हणणें म्हणजे त्याच्या वांट्याला आलेली खरी स्थिति न पाहणें होय. त्याच्यावर कोणी चित्र करावयाचें तर हीच स्थिति किती करुण व किती थोर विषय होईल! परंतु बर्फाखालीं कुंपण झांकण्याच्या नादांत छायाचित्रकार हा विषयच गमावून बसतात.

बंदिस्त लांडग्यांचीं चित्रें मुळींच काढूं नयेत, असा आमचा आग्रह नाहीं, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. रानांतील लांडग्याचा पाठलाग करून, त्याच्या बिळाशीं दबा धरून, आमिष टाकून काढलेलें 'खरें' चित्र प्राण्याला अधिक त्रासदायक होऊं शकतें; माद्या पिलें हलवितात, आणि आमिषाला चटावलेला लांडगा वस्तीजवळ येऊं लागतो. त्या मानानें विस्तीर्ण आवारांत, प्राण्याला न छेडतां काढलेलें चित्र निरुपद्रवी आहे. ज्या नवशिक्याला आर्क्टिक प्रदेशांत जाण्याचें सामर्थ्य नाहीं, त्यानें तेथें जाऊन हात बसवावा, लांडग्याच्या कानांची व शेपटीची भाषा शिकावी. त्यांत गैर कांहीं नाहीं. आक्षेप आहे तो मौनावर.

महाराष्ट्रांतील वाचकाला तर या मौनाची किंमत अधिकच द्यावी लागते. लांडगा म्हटला कीं आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढें बर्फ उभें राहतें. हिमालयापलीकडच्या लडाख-स्पितीसारख्या प्रदेशांत बर्फांत राहणारे लांडगे आहेत, हें खरें. पण आमच्या दख्खनचा लांडगा वेगळा. तो अंगानें लहान, लोकरीनें विरळ, सुकलेल्या गवताच्या रंगाचा. तो सोलापूर, पुणें, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील उघड्या माळांवर राहतो, धनगरांच्या मेंढरांच्या मागावर हिंडतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटांच्या सोबतीनें त्याचें अस्तित्व आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्याला वरच्या प्रतीचें संरक्षण दिलें. परंतु त्याचा माळ हा कोणाला वन वाटतच नाहीं, ती पडीक जमीन वाटते. हिमाच्या चित्रांनीं ज्याची दृष्टि घडली आहे त्याला, बाभळीच्या विरळ सावलींत, उन्हांत धापा टाकणारा हा रोडका प्राणी लांडगा म्हणून पटत नाहीं. आणि जो पटत नाहीं त्याच्या माळाविषयीं कळकळ तरी कशी वाटावी?

लहानपणीं आपण सर्वांनीं 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट ऐकली आहे. लांडगा नसतां आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाची फजिती आपण तींतून शिकलों. पण तींत नुकसान केवळ मुलाचें झालें नाहीं. गांवानें विश्वास गमावला, आणि मेंढरें गेलीं. आज तर यंत्रबुद्धीच्या साहाय्यानें लांडगाहि नको, बर्फहि नको, अशी 'छायाचित्रें' क्षणांत तयार होतात. अशा काळांत प्रत्यक्ष प्राण्यासमोर थंडींत उभें राहून काढलेल्या चित्राची साक्ष पूर्वींपेक्षां मोलाची झाली आहे, आणि ती डागाळणें पूर्वींपेक्षां महाग पडणार आहे.

यास्तव आमची मागणी फार मोठी नाहीं. चित्र कोठें काढलें आणि प्राणी मोकळा होता कीं आवारांतला, एवढें चित्राखालीं एका ओळींत छापावें. संपादकांनीं व प्रकाशकांनीं ही ओळ मागून घ्यावी; आणि वाचकांनीं दिनदर्शिका विकत घेतांना ती आहे कीं नाहीं, हें पाहण्याची संवय ठेवावी. या ओळीनें जें चित्र फिकें पडेल त्याची शोभा मुळांतच उसनी होती असें समजावें. बाकीच्या चित्रांचें कांहीं बिघडणार नाहीं. बव्हेरियाच्या आवारांतला, नाकावर हिमकण घेतलेला तो लांडगा तेव्हांहि सुंदरच दिसेल, आणि त्याच्याकडे पाहणारास आपण कोणाकडे पाहत आहों हेंहि ठाऊक असेल.